दशांशचिन्हापुढची ऊर्जा

पदवीच्या वर्गात भौतिकीचा विद्यार्थी शिकतो ते बहुतेक ज्ञान इतरांनी मोजलेलं आणि सिद्ध करून ठेवलेलं असतं. अणुकेंद्रकाचा धडा याला अपवाद ठरू शकतो. अणूंच्या वस्तुमानांचा एक तक्ता, साधा कॅल्क्युलेटर आणि एक गुणक, एवढ्या सामग्रीवर सूर्य किती ऊर्जा देतो, युरेनियम फुटलं की काय सुटतं, विश्वात कार्बन कसा घडला, या प्रश्नांची उत्तरं त्याला स्वतः काढता येतात. गडहिंग्लजच्या कॉलेजात बसून काढलेलं उत्तर केंब्रिजमध्ये काढलेल्या उत्तराइतकंच अचूक येतं. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. लागते ती हिशेबाची शिस्त.

शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कॉलेजांत हा भाग शिकवला जातो. त्याची तोंडओळख बारावीतच झालेली असते. तरीही बऱ्याच विद्यार्थ्यांसाठी तो एका प्रसिद्ध सूत्रात किमती भरून चार गुण मिळवण्यापुरताच राहतो. हे नुकसान मोठं आहे. म्हणून हे गणित कुठून आलं, ते कसं करायचं, कुठे चुकतं आणि त्याच्या अर्थाबद्दल कोणते वाद आहेत, याचा एकत्र आढावा घ्यायला हवा.

सूत्र आधी, मोजमाप नंतर

आइन्स्टाइनने १९०५ च्या सप्टेंबरमध्ये पाठवलेल्या तीन पानांच्या निबंधात म्हटलं, की एखाद्या वस्तूने ऊर्जा बाहेर टाकली तर तिचं वस्तुमान त्या ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून येईल तेवढं घटतं. रेडियमच्या क्षारांवर हे तपासता येईल, असंही त्याने सुचवलं होतं. पण प्रकाशवेगाचा वर्ग ही संख्या एवढी प्रचंड आहे, की मोजण्याजोगी घट पकडणारा तराजू तेव्हा कुणाकडेच नव्हता.

तो तराजू फ्रान्सिस अ‍ॅस्टनने बनवला. १९१९ मध्ये केंब्रिजला त्याने वस्तुमान-वर्णपटलेखक तयार केला आणि एकेका अणूचं वस्तुमान मोजायला सुरुवात केली. बहुतेक अणूंची वस्तुमानं पूर्णांकाच्या अगदी जवळ आली. हायड्रोजन मात्र १.००८ वर थांबला. म्हणजे चार हायड्रोजन मिळून हेलियम झाला, तर काहीतरी कमी होतं. १९२० मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या कार्डिफ अधिवेशनात एडिंग्टनने हाच धागा पकडला आणि ताऱ्यांच्या ऊर्जेचा उगम या तुटीत असावा, असं मांडलं. ताऱ्याच्या आत हे कसं घडतं याची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती. पुराव्याला होती ती फक्त एक वजाबाकी.

१९३२ हे या विषयातलं सुवर्णवर्ष. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चॅडविकने न्यूट्रॉन शोधला आणि तिथेच कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी वेगवान प्रोटॉनचा मारा करून लिथियमचं केंद्रक फोडलं. त्यातून दोन अल्फा कण निघाले. कणांनी हवेत कापलेल्या अंतरावरून दोघांची मिळून ऊर्जा १७.२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) भरली. वस्तुमानांच्या तक्त्यावरून मात्र उत्तर येत होतं १४.३, तेही पावणेतीनच्या आसपास अनिश्चिततेसह. आज हाच हिशेब करून पाहा. लिथियम-७ चं वस्तुमान ७.०१६००३ आणि हायड्रोजनचं १.००७८२५, बेरीज ८.०२३८२८. दोन हेलियम अणूंचं ८.००५२०६. फरक ०.०१८६२२, म्हणजे १७.३५ एमईव्ही. प्रयोग बरोबर होता. तक्ता कच्चा होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत केंद्रकीय अभिक्रियांच्या ऊर्जांवरूनच हलक्या अणूंची वस्तुमानं दुरुस्त केली गेली. ज्या सूत्राची परीक्षा घ्यायची होती, तेच सूत्र तराजू दुरुस्त करायला कामी आलं.

एकक आणि गुणक

अणूंची वस्तुमानं किलोग्रॅममध्ये लिहिणं गैरसोयीचं आहे. म्हणून कार्बन-१२ च्या अणूचं वस्तुमान बरोबर १२ मानून त्याचा बारावा भाग हे एकक धरतात. वर्गात त्याला नुसतं ‘यू’ म्हणतात. एक यू म्हणजे ९३१.४९४ एमईव्ही. हा गुणक पाठ असला की सगळं गणित बेरीज-वजाबाकीवर येतं.

इथे जुन्या पुस्तकांबाबत एक सावधगिरी हवी. कार्बन-१२ चं प्रमाण १९६०-६१ मध्ये स्वीकारलं गेलं. त्याआधी भौतिकीत ऑक्सिजन-१६ हे प्रमाण होतं. त्या मापाने हायड्रोजन १.००८१४५ आणि हेलियम ४.००३८७ येतो. कॉलेजच्या ग्रंथालयात अजूनही त्या काळची पुस्तकं असतात. संपूर्ण गणित जुन्या मापाने केलं तर बिघडत नाही. पण एक आकडा जुना आणि दुसरा नवा घेतला, तर उत्तर काहीही येऊ शकतं.

दुसरी सावधगिरी दशांश स्थळांची. आपण दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी करतो, आणि हवी असलेली ऊर्जा पार शेवटच्या आकड्यांत असते. ड्यूटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असलेलं ड्यूटेरियमचं केंद्रक घ्या. हायड्रोजन १.००७८२५ आणि न्यूट्रॉन १.००८६६५ यांच्या बेरजेतून ड्यूटेरियमचे २.०१४१०२ वजा केले, तर ०.००२३८८ उरतात, म्हणजे २.२२ एमईव्ही. ही त्याची बंधन-ऊर्जा, म्हणजे त्याचे कण सुटे करायला लागणारी ऊर्जा. तेच आकडे आधीच तीन दशांश स्थळांपर्यंत आणले, तर फरक ०.००३ येतो आणि बंधन-ऊर्जा २.७९. पंचवीस टक्के चूक, आणि पायऱ्या मात्र सगळ्या बरोबर. गुणक ९३१.४९४ ऐवजी ९३१.५ घेतला तर काही बिघडत नाही. वस्तुमान आखूड केलं तर सारंच बिघडतं. कुठली अचूकता महत्त्वाची आणि कुठली नाही, हे ओळखणं प्रयोगशास्त्राचा पाया आहे, आणि तो इथे कागदावरच घालता येतो.

२.२२ हा आकडा १९३४ मध्ये थेट मोजला गेला. चॅडविक आणि गोल्डहाबर यांनी २.६ एमईव्हीचे गॅमा किरण ड्यूटेरियमवर टाकले, ते फुटलं. प्रोटॉनच्या हाती उरलेल्या ऊर्जेवरून बंधन-ऊर्जा कळली, आणि तिच्यावरून न्यूट्रॉनचं वस्तुमान नेमकं ठरलं. याच आकड्यात आणखी एक गोष्ट आहे. मोकळा न्यूट्रॉन हायड्रोजन अणूपेक्षा ०.०००८४० यूने जड असतो, म्हणून तो ०.७८ एमईव्ही सोडून प्रोटॉनमध्ये बदलतो. ड्यूटेरॉनमधला न्यूट्रॉन मात्र बदलू शकत नाही: ड्यूटेरियमचं वस्तुमान २.०१४१०२ आणि दोन हायड्रोजनचं २.०१५६५०. बदल झाला तर वस्तुमान वाढवावं लागेल, आणि ती ऊर्जा देणार कोण? बंधनाने न्यूट्रॉनला टिकवलं आहे, हे सहा आकड्यांच्या तुलनेत दिसतं.

इलेक्ट्रॉन कुठे गेले?

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतली सर्वांत सामान्य चूक सूत्राची नसते, ती इलेक्ट्रॉनांची असते. तक्त्यात वस्तुमान असतं ते अख्ख्या अणूचं, इलेक्ट्रॉनांसकट. गणित मात्र केंद्रकाचं असतं. हेलियम-४ ची बंधन-ऊर्जा काढताना दोन हायड्रोजन अणू आणि दोन न्यूट्रॉन धरले, तर बेरीज ४.०३२९८० येते. त्यातून ४.००२६०३ वजा केले की ०.०३०३७७ उरतात, म्हणजे २८.३० एमईव्ही. हे बरोबर. आता हायड्रोजन अणूच्या जागी नुसत्या प्रोटॉनचं १.००७२७६ घेतलं आणि हेलियमचा मात्र अणूच ठेवला, तर उत्तर २७.२७ येतं. नेमके १.०२ एमईव्ही कमी, म्हणजे बरोबर दोन इलेक्ट्रॉनांएवढे.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी तोलतात. दोन्ही वेळा ड्रायव्हर गाडीत बसलेला असला तरी चालतं, दोन्ही वेळा उतरलेला असला तरी चालतं. एकदा बसून आणि एकदा उतरून तोललं, तर उसाचं वजन खोटं निघतं. इलेक्ट्रॉनांचं तसंच आहे.

हा नियम लक्षात आला की बीटा-क्षयाचे तीन प्रकार पाठ करावे लागत नाहीत. इलेक्ट्रॉन बाहेर पडणाऱ्या क्षयात दोन्ही बाजूंना अणू धरले की इलेक्ट्रॉन आपोआप जुळतात. पॉझिट्रॉन बाहेर पडतो तेव्हा मात्र दोन इलेक्ट्रॉनांचं वस्तुमान वेगळं वजा करावं लागतं: एक पॉझिट्रॉनसाठी आणि एक, नव्या अणूला नको असलेला म्हणून. प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा सोडियम-२२ चा स्रोत पाहा. सोडियम-२२ आणि निऑन-२२ यांच्या अणु-वस्तुमानांतला फरक ०.००३०५२ यू, म्हणजे २.८४ एमईव्ही. त्यातून १.०२ गेले, उरले १.८२. सोडियमचं केंद्रक बहुतेकदा निऑनच्या उत्तेजित अवस्थेत पोहोचतं आणि १.२७५ एमईव्हीचा गॅमा बाहेर टाकतं. शिल्लक ०.५५ एमईव्ही. पॉझिट्रॉनच्या ऊर्जेची मोजलेली कमाल मर्यादा हीच आहे. तक्त्यातून निघालेला आकडा प्रयोगशाळेतल्या उपकरणावर दिसतो, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी मिळायला हवा.

अल्फा-क्षयात चूक वेगळ्या जागी होते. युरेनियम-२३८ मधून अल्फा कण निघताना २३८.०५०७८८ मधून २३४.०४३६०१ आणि ४.००२६०३ वजा केले, तर ०.००४५८४ यू, म्हणजे ४.२७ एमईव्ही मिळतात. ही सगळी ऊर्जा अल्फाची असं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. पण मागे राहिलेलं थोरियमही उलट दिशेला ढकललं जातं. संवेग अक्षय्यतेनुसार अल्फाच्या वाट्याला २३८ भागांपैकी २३४ भाग येतात, म्हणजे ४.२० एमईव्ही.

उत्तर उणं आलं तर

पाठ्यपुस्तकांतली बहुतेक उदाहरणं ऊर्जा सुटणारी असतात. त्यामुळे उणं उत्तर आलं की विद्यार्थी घाबरून संख्यांची जागा बदलतो. खरं तर रदरफर्डने १९१९ मध्ये जाहीर केलेलं पहिलं कृत्रिम मूलद्रव्यांतर उण्या उत्तराचंच आहे. नायट्रोजन-१४ आणि अल्फा मिळून १८.००५६७७, ऑक्सिजन-१७ आणि हायड्रोजन मिळून १८.००६९५७. अभिक्रियेनंतरचं वस्तुमान जास्त भरतं, १.१९ एमईव्हीने. ही भर अल्फाच्या गतिज ऊर्जेतून येते. शिवाय अल्फाजवळ नुसते १.१९ असून भागत नाही. टक्कर झाल्यावर सगळे कण मिळून पुढे सरकत राहतात आणि काही ऊर्जा त्यातच अडकते. त्यामुळे उंबरठा १८ भागिले १४ या प्रमाणात वाढून १.५३ होतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारातल्या पेलेट्रॉन त्वरकावर काम करणाऱ्या संशोधकालाही किती ऊर्जेचा झोत हवा, हे ठरवताना याच वजाबाकीपासून सुरुवात करावी लागते.

सूर्य, कार्बन आणि नारळीकर

चार हायड्रोजन अणूंचं वस्तुमान ४.०३१३००, हेलियमचं ४.००२६०३. फरक ०.०२८६९७ यू, म्हणजे २६.७ एमईव्ही, मूळ वस्तुमानाच्या ०.७१ टक्के. अणु-वस्तुमानं वापरल्यामुळे वाटेत तयार होणारे दोन पॉझिट्रॉन आणि त्यांचा नाश, दोन्ही या आकड्यात आपोआप आले आहेत. नुसती केंद्रकं घेतली तर २४.७ येतात, आणि नाशातून मिळणारे २.०४ वेगळे मिळवावे लागतात. थोडी ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातात. सूर्याची एकूण तेजस्विता पाहिली, तर तो दर सेकंदाला सुमारे ४३ लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने गमावतो.

पुढची पायरी कोल्हापूरकरांनी आवर्जून समजून घ्यावी अशी आहे. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही मूळचे कोल्हापूरचे. १९३२ पासून ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख होते. जयंतराव १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि त्यांनी फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. त्याच हॉइल यांनी काही वर्षं आधी केलेला एक युक्तिवाद या विषयाचा कळस आहे.

हेलियमचे दोन अणू जोडून बेरिलियम-८ बनतं. पण त्याचं वस्तुमान ८.००५३०५ आणि दोन हेलियमचं ८.००५२०६. बेरिलियम ०.०९ एमईव्हीने जड भरतं, म्हणून ते क्षणार्धात पुन्हा फुटतं. मग तिसरा हेलियम जोडून कार्बन बनायचा कसा? सॅल्पिटर यांनी १९५२ मध्ये दाखवलं, की तापलेल्या ताऱ्यात बेरिलियमचा अल्पसा साठा कायम राहतो. पण त्यातून होणारा कार्बन फारच कमी पडत होता. तीन हेलियमचं वस्तुमान १२.००७८०९, कार्बनचं १२. फरक ७.२७ एमईव्ही. हॉइल यांनी १९५३ मध्ये असं मांडलं, की कार्बनच्या केंद्रकाला या पातळीच्या जरासं वर, ७.७ एमईव्हीच्या आसपास, एक उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे. नाहीतर विश्वात एवढा कार्बन दिसलाच नसता. कॅलटेकमध्ये वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला आणि ती अवस्था सापडली. आज तिची ऊर्जा ७.६५ एमईव्ही मानली जाते. विश्वातल्या कार्बनच्या अस्तित्वावरून केंद्रकाची एक पातळी सांगणं हे धाडस होतं, आणि त्या धाडसाचा पाया म्हणजे तक्त्यातल्या दोन ओळींची वजाबाकी.

युरेनियम आणि तारापूर

१९३८ च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या कुंगेल्व गावी लिझ माइट्नर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी युरेनियम फुटण्याचा अर्थ लावला. दोन तुकडे एकमेकांना ढकलतात त्याची ऊर्जा त्यांनी काढली: सुमारे २०० एमईव्ही. ती येते कुठून? माइट्नरना केंद्रकांची वस्तुमानं काढायचं अनुभवजन्य सूत्र आठवत होतं. तुकड्यांचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे एक पंचमांशाने कमी भरत होतं, आणि एक पंचमांश यू म्हणजे जवळपास २०० एमईव्हीच. दोन स्वतंत्र वाटांनी काढलेलं उत्तर जुळलं.

वर्गात याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन न्यूट्रॉन. आधीची बेरीज २३६.०५२५९५, नंतरची २३५.८६६५६२, फरक ०.१८६०३३ यू, म्हणजे १७३ एमईव्ही. मग पुस्तकातले २०० कुठून आले, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडायलाच हवा. बेरियम आणि क्रिप्टॉनच्या त्या केंद्रकांत न्यूट्रॉन जास्त असतात. ती पुढे बीटा-क्षयांची साखळी चालवतात आणि तिथून आणखी ऊर्जा मिळते. शिवाय प्रत्येक विभाजनात तुकड्यांची जोडी वेगळी असते. २०० ही सरासरी आहे.

आता हाच आकडा पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला नेऊ. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या, आणि २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या-चौथ्या प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. उष्णतेचा सुमारे ३० टक्के भाग वीज होतो असं धरलं, तर अशी एक भट्टी पूर्ण क्षमतेने चालताना १८०० मेगावॅट उष्णता देते. दिवसभरात फुटलेल्या अणूंचं वस्तुमान सुमारे १.९ किलो भरतं. हरवलेलं वस्तुमान मात्र १.७ ग्रॅम. तेवढ्यावर त्या दिवशी सुमारे १.३ कोटी युनिट वीज मिळते.

रूपांतर म्हणजे नेमकं काय?

‘वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर होतं’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो. त्यातून काही प्रोटॉन-न्यूट्रॉन नाहीसे होऊन त्यांची ऊर्जा झाली, असं चित्र मनात बसतं. ते चुकीचं आहे. वरच्या विभाजनात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून आधी २३६ न्यूक्लिऑन होते आणि नंतरही २३६ आहेत. बदलली ती त्यांची मांडणी, आणि मांडणीच्या ऊर्जेलाही वस्तुमान असतं. भट्टी एखाद्या पेटीत पूर्ण बंद करून काहीच बाहेर जाऊ दिलं नाही, तर पेटीचं वस्तुमान घटणार नाही. उष्णता बाहेर गेली की तेवढंच घटेल.

म्हणून हा नियम फक्त केंद्रकाचा नाही. कोळसा जळतानाही वस्तुमान घटतं, पण दहा अब्जांत एक भाग. एक टन कार्बन डायऑक्साइड तयार होताना एक दशांश मिलिग्रॅम. रसायनशास्त्रात ही घट दिसत नाही आणि केंद्रकात दिसते, एवढाच भेद.

दुसरा वाद वेगासोबत वाढणाऱ्या वस्तुमानाचा. बरीच जुनी पुस्तकं वेगवान कणाचं वस्तुमान वाढतं असं सांगतात. रशियन भौतिकीतज्ज्ञ लेव ओकुन यांनी १९८९ मध्ये या पद्धतीवर कडक टीका केली. वस्तुमान एकच, कण स्थिर असतानाचं. आणि प्रसिद्ध सूत्र त्या स्थिर अवस्थेतल्या ऊर्जेचं आहे, असं त्यांचं म्हणणं. आता बहुतेक केंद्रक-भौतिकी हेच मानते, आणि पहिल्या वर्गापासून हेच शिकवावं, असं मला ठामपणे वाटतं. तक्त्यातली सगळी वस्तुमानं स्थिर वस्तुमानं आहेत. वेग वेगळा, गतिज ऊर्जेच्या रकान्यात.

सूत्राच्या खरेपणाबद्दल आता शंका उरलेली नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सल्फर आणि सिलिकॉनच्या केंद्रकांनी न्यूट्रॉन पकडल्यावर निघणारे गॅमा किरण आणि वस्तुमानांतला फरक स्वतंत्रपणे मोजले गेले. दोन्ही दशलक्षात अर्ध्या भागाच्या आत जुळले. पुढची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही. त्यातल्या तीन क्वार्कांची वस्तुमानं मिळून त्याच्या एक टक्का. बाकी जवळजवळ सगळं वस्तुमान आतल्या प्रबल बलक्षेत्राची आणि क्वार्कांच्या हालचालीची ऊर्जा आहे.

वर्गात काय बदलावं?

पहिली गोष्ट, परीक्षेत तयार वस्तुमानं हातात देण्याऐवजी तक्ता द्यावा आणि त्यातलं काय घ्यायचं हे विद्यार्थ्यावर सोडावं. जगभरच्या मोजमापांतून तपासलेली वस्तुमानं ‘अ‍ॅटॉमिक मास इव्हॅल्युएशन’ या संकलनात मोफत मिळतात. अलीकडची आवृत्ती २०२० ची. त्यात प्रत्येक अणूचं वस्तुमान-आधिक्य, म्हणजे वस्तुमान आणि वस्तुमानांक यांतला फरक, थेट एमईव्हीमध्ये दिलेलं असतं. हायड्रोजन ७.२८९०, न्यूट्रॉन ८.०७१३, हेलियम २.४२४९, कार्बन-१२ शून्य. तीन हेलियम म्हणजे ७.२७: हॉइल यांचा आकडा एका ओळीत.

दुसरी, प्रत्येक उदाहरणात आधी कण मोजायला लावावेत, नंतर आकडे. तिसरी, प्रत्येक संचात एक तरी उणं उत्तर असावं. चौथी, एका उत्तराची तपासणी दुसऱ्या वाटेने करायला लावावी, जशी माइट्नर आणि फ्रिश यांनी केली. आणि पाचवी, आकडा आला की त्याचा अर्थ एका वाक्यात मराठीत लिहायला सांगावा. ज्याला ते वाक्य लिहिता येतं, त्याला विषय समजला आहे.

यातल्या एकाही सुधारणेला निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. आपल्या भागातल्या कॉलेजांत उपकरणांची चणचण आहे, आणि ती तक्रार खरीही आहे. पण अणुकेंद्रकाच्या या धड्यापुरती ती सबब चालणार नाही. इथे कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला जगातल्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या बरोबरीने उभं राहता येतं, आणि ते त्याला करू देणं आपल्या शिक्षकांच्या हातात आहे.